मोटारीची ठिणगी आणि पेट्रोलची काटकसर

शेतमाल पिकविण्यास काय खर्च आला, याचा हिशेब आपल्यापैकीं बहुतेक जण ठेवितात. परंतु तो माल बाजारांत पोंचविण्यास किती पेट्रोल जळलें, याचा हिशेब ठेवणारे फार थोडे. वसई, पालघर, शहापूर, मुरबाड या बाजूंचे बागाईतदार भाजी, फुलें व दूध घेऊन दहिसरच्या अथवा मुलुंडच्या नाक्यावरून मुंबईंत उतरतात. ज्यांच्याजवळ डिझेलची किंवा गॅसची गाडी आहे त्यांची गोष्ट निराळी. पण जुनी पेट्रोलची जीप, पद्मिनी किंवा तशीच एखादी गाडी वापरणारे आमचे सभासद आजही आहेत. सन २०२१ च्या मे महिन्यांत मुंबईंत पेट्रोलचा भाव लिटरला १०० रुपयांवर गेला, तेव्हांपासून ‘ठिणगीचा जोर वाढवा व पेट्रोल वाचवा’ अशा तऱ्हेचीं उपकरणें विकणाऱ्यांना चांगले दिवस आले आहेत. हीं उपकरणें घ्यावींत कीं नाहीं, असें कित्येक सभासद आम्हांस विचारतात. त्यांस एकत्रच उत्तर द्यावें म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचें उत्तर थोडक्यांत असें आहे: ठिणगी मोठी केल्यानें पेट्रोल वाचत नाहीं, ठिणगी एकदाही चुकूं न दिल्यानें व ती बरोबर वेळेवर पाडल्यानें मात्र वाचतें. शेतकऱ्याला ही गोष्ट पटण्यास अडचण पडूं नये. बियाणें कितीही टपोरें असलें तरी वाफसा टळल्यावर पेरलें तर पीक साधत नाहीं. आणि बेताचें बियाणें वाफशावर पडलें, एकही कणगें रितें गेलें नाहीं, तर शेत भरून येतें. मोटारीच्या ठिणगीचा न्याय हाच आहे. तो कसा, तें आतां क्रमानें पाहूं.

उपनगरांचा या विषयाशीं संबंध

या विषयाचें शिक्षण घेण्यास मुंबईच्या उपनगरांइतकें चांगलें स्थान आपल्याकडे दुसरें नाहीं. वालचंदनगर व रावळगांव येथें ऊंस व साखर यांचे मोठे उद्योग उभारणारे शेठ वालचंद हिराचंद यांनींच सन १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व तिचा कारखाना घाटकोपरला लागून असलेल्या कुर्ल्यास उभा राहिला. याच कारखान्यांतून पुढें फियाट ११०० व तिचेंच पुढील नांव प्रीमियर पद्मिनी या गाड्या निघाल्या. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरचें व साध्या बांधणीचें. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असें समीकरण अनेक वर्षें होतें. सन २०२३ च्या ऑक्टोबरांत शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. अंधेरी व बोरिवली यांच्या दरम्यान असलेल्या कांदिवलीस महिंद्र कंपनीच्या ट्रॅक्टरांचा कारखाना निघाला. यामुळें कुर्ला, घाटकोपर, अंधेरी या भागांत पॉइंट घासणें, प्लग साफ करणें, टायमिंग बसविणें हीं कामें हाताच्या मळाइतकीं सवयीचीं असलेले मिस्त्री तयार झाले. त्यांच्यापैकीं जे जुने जाणते आजही काम करतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

येथेंच एक खुलासा केला पाहिजे. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसतेच. तेथें दाबानें तापलेल्या हवेंत तेल आपोआप पेटतें. म्हणून ट्रॅक्टरच्या मालकानें पुढील मजकुराचा उपयोग ट्रॅक्टरवर करूं नये. तसेंच सन २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाल्यानंतर नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेला व ठिणगीची वेळ इंजिनावरील संगणकच ठरवूं लागला. अशा गाडीच्या ठिणगींत हात घालण्याचें कारण नाहीं. आमचें विवेचन कार्ब्युरेटर व पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांपुरतें आहे.

ठिणगी कशी उत्पन्न होते

बॅटरींतील विजेचा दाब अवघा १२ व्होल्ट असतो. एवढ्या दाबानें प्लगच्या दोन टोंकांमधील अंतर ओलांडून ठिणगी पडणें अशक्य. त्यासाठीं कॉइलची योजना असते. कॉइलमध्यें लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे व बारीक तारेचे त्यांच्या सुमारें शंभरपट वेढे असतात. जाड तारेंतून तीनचार अँपिअरचा प्रवाह वाहूं लागला कीं गाभ्यांत चुंबकशक्ति सांठते. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडले कीं प्रवाह एकाएकीं तुटतो, सांठलेली चुंबकशक्ति कोसळते आणि तिच्या धक्क्यानें बारीक तारेंत १५ ते २५ हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. हा दाब डिस्ट्रिब्यूटरच्या फिरत्या रोटरमार्फत ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगला मिळतो व ठिणगी पडते. पाटाला बारें धरून पाणी तुंबवावें व एकदम बारें फोडावें, तसाच हा प्रकार. पॉइंटजवळ जो लहानसा कंडेन्सर असतो त्याचें काम प्रवाह स्वच्छ तुटावा व पॉइंटवर जाळ होऊं नये, हें होय. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञानें बसविलेली ही पद्धत कॅडिलॅक मोटारींत आली आणि थोड्याफार फरकानें पुढें साठसत्तर वर्षें जगभर चालली.

या पद्धतीचा मूळ दोष कामाच्या वेगांत आहे. चार सिलिंडरचें इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतें तेव्हां त्याला दर सेकंदास १०० ठिणग्या लागतात; म्हणजे एका ठिणगीच्या वांट्याला सेकंदाचा शंभरावा भाग येतो. त्यांतलाही सुमारें दोनतृतीयांश वेळच पॉइंट मिटलेले असतात व तेवढ्यांत कॉइल भरावयाची असते. वेग ४५०० फेऱ्यांवर गेला म्हणजे हा वेळ सेकंदाच्या सुमारें साडेचार सहस्रांशांवर येतो. साधी कॉइल पुरती भरण्यास याहून जास्त वेळ लागतो. म्हणून वेग वाढतो तसा ठिणगीचा जोर घटतो. त्यांत पॉइंट जळलेले, प्लग मळलेले किंवा तारा भेगाळलेल्या असल्या कीं ठिणगी मधूनमधून चुकूं लागते.

पेट्रोल कोठें वायां जातें

पेट्रोलची वाफ व हवा यांचें योग्य प्रमाणांतील मिश्रण पेटण्यास फारच थोडी शक्ति लागते. स्थिर हवेंत ती एका ज्यूलच्या सहस्रांशाहूनही कमी पुरते. सुस्थितींतील साधी कॉइल याच्या कित्येक पट शक्ति देते. यावरून उघड होतें कीं, जेथें मिश्रण पहिल्याच ठिणगीनें पेटत आहे तेथें ठिणगी दुप्पट केल्यानें कांहीं अधिक मिळणार नाहीं. चूल एका काडीनें पेटत असतां चार काड्या ओढल्या म्हणून भात लवकर शिजत नाहीं.

नुकसान होतें तें दोन वाटांनीं. पहिली वाट चुकलेल्या ठिणगीची. ज्या वेळीं ठिणगी पडली नाहीं त्या वेळचा सिलिंडरमधील सर्व माल न जळतां धुराड्यांतून बाहेर जातो. समजा, वीस ठिणग्यांमागें एक चुकली. तर शंभर रुपयांच्या पेट्रोलपैकीं पांच रुपयांचें पेट्रोल सरळ रस्त्यावर ओतल्यासारखें झालें. शिवाय गाडी ओढत नाहीं म्हणून चालविणारा पाय अधिक दाबतो, तो खर्च निराळाच. चुकणारी ठिणगी आरंभीं कानाला समजत नाहीं. घोडबंदरच्या रस्त्यावरील चढाला गाडी कण्हूं लागली किंवा पुलावर झटके देऊं लागली म्हणजे मगच लक्षांत येतें. तोंपर्यंत महिनोन्‌महिने पेट्रोल गेलेलें असतें.

दुसरी वाट चुकलेल्या वेळेची. पेटलेलें मिश्रण तोफेच्या बाराप्रमाणें एका क्षणांत जळत नाहीं. ज्वाळा सिलिंडरभर पसरण्यास सेकंदाचे सुमारें दोन सहस्रांश लागतात. इंजिन मिनिटास १००० फेरे घेत असतां तेवढ्या वेळांत दांडा १२ अंश फिरतो, तर ३००० फेऱ्यांस ३६ अंश फिरतो. ज्वाळेचा पुरा दाब पिस्टन माथ्यावरून नुकताच खालीं वळतांना त्यावर पडावा, अशी इच्छा असेल तर ठिणगी पिस्टन माथ्यास पोंचण्यापूर्वींच पाडली पाहिजे; आणि वेग वाढेल तशी ती आणखी आधीं पाडली पाहिजे. याकरितां डिस्ट्रिब्यूटरमध्यें वेगानें फांकणारीं दोन वजनें असतात व बाहेर इंजिनाच्या ओढीवर चालणारी एक पडद्याची डबी असते. वजनें गंजून अडकलीं किंवा डबीचा पडदा फाटला, कीं ठिणगी उशिरा पडूं लागते. मग पिस्टन खालीं निघून गेल्यावर मिश्रण जळतें, ताकद थोडी मिळते आणि उष्णता मात्र धुराड्यांतून व रेडिएटरमधून वायां जाते. विनाकारण तापणाऱ्या जुन्या गाडींत पुष्कळदां दोष पाण्याचा नसून वेळेचा असतो.

पॉइंट झिजण्यानेंही वेळ बिघडते. पॉइंटला उघडणारी जी फायबरची टांच असते ती फिरत्या कोनाड्यांवर घासून झिजते. त्यामुळें पॉइंटमधील फट कमी होते आणि ठिणगी थोडी थोडी उशिरा पडूं लागते. हा फरक इतका सावकाश होतो कीं रोज गाडी चालविणाऱ्यास तो उमगत नाहीं.

आमचा अनुभव

येथें आमची स्वतःची चूक सांगितल्यास वाचकांस उपयोग होईल. आमच्या जुन्या जीपचें पेट्रोल वाढलें तेव्हां आम्हीं अंधेरीच्या बाजारांतून ठिणगी वाढविण्याची एक नळी विकत आणून प्लगच्या तारेवर बसविली. तिच्यांतील कांचेंतून निळी ठिणगी चमकतांना दिसे व पहिला आठवडा गाडीही हलकी धांवत असल्याचा भास झाला. पुढें हिशेब पाहिला तों पेट्रोल पूर्वींइतकेंच. अखेर घाटकोपरच्या एका वृद्ध मिस्त्र्यानें डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून रोटर दोन बोटांनीं धरला व आडवा हलविला. दांड्याचें बुश झिजून तो डुलत होता. दांडा डुलल्यामुळें प्रत्येक सिलिंडरच्या वेळीं पॉइंटची फट निराळी पडत होती व चार सिलिंडरना चार निराळ्या वेळीं ठिणगी मिळत होती. बुश बदलून वेळ बसविल्यावर गाडी सुधारली. नळी आम्हीं काढून टाकली.

अशा नळींत असतें काय? तारेच्या मार्गांत एक जादा फट असते एवढेंच. प्लगवर तेल वा काजळी बसून वीज झिरपत असेल तर त्या फटीमुळें दाब एकदम चढतो व मळका प्लगही पेटतो, हें खरें. पण त्यासाठीं प्लग साफ करणें किंवा बदलणें हा स्वस्त व खरा उपाय आहे. कॉइलमध्यें जेवढी शक्ति सांठली तेवढीच बाहेर येणार. वाटेंत फट ठेवून ती वाढत नाहीं. अनेक टोंकांच्या प्लगचीही गोष्ट तीच. ते टिकतात अधिक, परंतु एका वेळीं ठिणगी एकाच टोंकावर पडते.

खरी सुधारणा कोणती

सुधारणेच्या तीन पायऱ्या आहेत व त्या क्रमानेंच चढाव्या.

पहिली पायरी, जें आहे तें नीट करणें. प्लग काढून पाहावे. टोंक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातें किंवा ठिणगी मंद आहे. पांढरें भाजल्यासारखें असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा प्लग इंजिनाला योग्य नाहीं. पॉइंट जळून खड्डे पडले असल्यास घासत न बसतां नवे घालावे व त्यांबरोबर कंडेन्सरही बदलावा. फट पातेऱ्याच्या मापानें, म्हणजे फीलर गेजनें, इंजिनाच्या पुस्तकाबरहुकूम ठेवावी. या जातीच्या गाड्यांत ती साधारणपणें अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेर असते. फट बसविल्यानंतरच वेळ बसवावी, कारण फट हलली कीं वेळही हलते. वेळ बसविण्यास एक १२ व्होल्टचा दिवा पुरतो. त्याची एक तार कॉइलच्या पॉइंटकडील टोंकाला व दुसरी इंजिनाच्या लोखंडाला लावावी, किल्ली उघडावी आणि इंजिन हातानें हळू फिरवावें. पॉइंट उघडण्याच्या क्षणीं दिवा लागतो. तो पुलीवरील खुणेपाशीं लागेल अशा बेतानें डिस्ट्रिब्यूटर फिरवून आंवळावा. त्यानंतर गॅरेजमधील लखलखत्या दिव्यानें चालू इंजिनावर तपासणी करून घ्यावी. वेग वाढविला असतां खूण पुढें सरकली पाहिजे. न सरकल्यास वजनें अडकलीं आहेत असें समजावें.

दुसरी पायरी, पॉइंट ठेवून त्यांच्या मदतीस ट्रान्झिस्टर देणें. यांत कॉइलचा तीनचार अँपिअरचा प्रवाह ट्रान्झिस्टर तोडतो. पॉइंट केवळ इशारा करतात व त्यांतून अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. त्यामुळें पॉइंट जळत नाहींत. टांच मात्र पूर्वींसारखीच झिजते. म्हणून फटीची तपासणी चुकत नाहीं.

तिसरी पायरी, पॉइंट पूर्णपणें काढून त्या जागीं चुंबक व त्याची जाणीव घेणारा लहानसा संवेदक बसविणें. येथें घासणारें कांहीं उरत नाहीं, म्हणून एकदां बसविलेली वेळ टिकून राहते. शिवाय दांडा किंचित् डुलत असला तरी वेळेंत फारसा फेर पडत नाहीं. आमच्या मतें पॉइंटच्या गाडींत करावयाचा फेरफार तो हाच. मात्र वजनें व पडद्याची डबी जुनींच राहतात. तीं आधीं दुरुस्त करून घेतल्याशिवाय नवा संवेदक बसवूं नये. जुना वाडा पोखरलेला असतां वरून कौलें बदलण्यांत अर्थ नाहीं.

जोरदार कॉइल घेतांना तिचा रोध तपासावा. जुन्या १२ व्होल्टच्या कॉइलचा रोध सुमारें तीन ओहम असतो. निम्म्या रोधाची कॉइल तशीच जोडल्यास प्रवाह दुप्पट होऊन पॉइंट थोड्याच दिवसांत जळतील व कॉइलही तापेल. दुचाकी गाड्यांत जी कंडेन्सर भरून सोडण्याची, म्हणजे सीडीआय, पद्धत असते तिची ठिणगी तीव्र पण अगदीं अल्पकाळ टिकणारी असते. मळक्या प्लगला ती चांगली. पण पातळ मिश्रण पेटविण्यास कॉइलची जास्त वेळ टिकणारी ठिणगीच अधिक उपयोगी पडते.

बचत हातीं कशी येते

चांगली ठिणगी बसवून गाडी तशीच चालविली तर बचत थोडीच होईल. नव्या ठिणगीचा खरा लाभ असा कीं, तिच्या बळावर प्लगची फट किंचित् वाढवितां येते, उदाहरणार्थ ०.६ ऐवजीं ०.८ मिलिमीटर, त्यामुळें पहिली ज्वाळा मोठी निघते व थोडें पातळ मिश्रणही न चुकतां पेटतें. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. सोळा किलोंच्या आसपास हवा दिली तर सपाट रस्त्यावर खर्च कमी येतो, पण एवढें पातळ मिश्रण दुबळ्या ठिणगीनें चुकतें. म्हणून ठिणगी सुधारल्यावर वेळ पुन्हां तपासून कार्ब्युरेटर जाणत्याकडून बसवून घ्यावा. वेळ लोभानें फार पुढें ओढूं नये; चढावर इंजिन ठोकूं लागल्यास ती ताबडतोब मागें घ्यावी, नाहीं तर पिस्टनचें नुकसान होतें.

मुंबईच्या टॅक्सींनीं हाच धडा दुसऱ्या रीतीनें शिकविला. सन १९९५ सालीं महानगर गॅस कंपनी स्थापन झाली व पुढें टॅक्सी हळूहळू गॅसवर गेल्या. गॅस पेट्रोलपेक्षां सावकाश जळतो व त्याला पेटविण्यास विजेचा दाबही जास्त लागतो. पेट्रोलवर कशीबशी चालणारी जुनी तार, टोपी किंवा प्लग गॅसवर चुकूं लागे. अशा इंजिनाला ठिणगी आधीं पाडावी लागते व प्लगची फट वाढविण्याऐवजीं कमी ठेवावी लागते. इंधन बदललें कीं ठिणगीचा विचार नव्यानें करावा लागतो, हें त्यावरून दिसून आलें.

ऊंस पिकविणाऱ्या आमच्या वाचकांना हा मुद्दा विशेष जवळचा आहे. सन २०२३ च्या फेब्रुवारीपासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें व २०२५ सालीं देशानें मिश्रणाचें तें प्रमाण गांठलें. आपल्याच शेतांतील उसाचा अंश आपल्याच गाडींत जळतो, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु इथेनॉल जळण्यास किलोमागें सुमारें नऊ किलोच हवा लागते. म्हणून शुद्ध पेट्रोलसाठीं बसविलेल्या जुन्या कार्ब्युरेटरांत हें मिश्रण पातळ पडतें. शिवाय लिटरमागें उष्णता सहासात टक्के कमी मिळते. अशा वेळीं दुबळी ठिणगी चुकते, गाडी सकाळीं लवकर चालूं होत नाहीं, आणि मालक चोक ओढून व जेट मोठा करून आणखी पेट्रोल घालतो. आधीं ठिणगी निर्दोष करावी व नंतरच जेटला हात लावावा, असा आमचा सल्ला आहे. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलनें फुगतात किंवा चिरतात. त्याही त्याच वेळीं बदलून घ्याव्या, कारण गळतें पेट्रोल व ठिणगी यांची गांठ पडणें धोक्याचें आहे.

हिशेब व सावधगिरी

फेरफाराचा उपयोग झाला कीं नाहीं हें भासावर न ठरवितां मापानें ठरवावें. पहाटे रहदारी नसतांना टांकी कांठोकांठ भरावी, अंधेरीहून बोरिवलीस व परत असा एकाच वेगानें, एकाच ओझ्यानिशीं प्रवास चारसहा वेळां करावा, आणि त्याच पंपावर पुन्हां कांठोकांठ भरून किती लिटर गेलें तें लिहावें. फेरफारापूर्वी तीन दिवस व नंतर तीन दिवस असें केल्यास सत्य कळतें. टायरची हवा दोन्ही वेळीं सारखी ठेवावी. मग रुपयांचा विचार करावा. समजा, वर्षाला ५०० लिटर पेट्रोल लागतें व शेंकडा पांच बचत झाली. तर २५ लिटर, म्हणजे १०० रुपये दरानें २,५०० रुपये वांचले. यावरून कोणत्या उपकरणाला किती पैसे द्यावे, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मुलुंडच्या किंवा दहिसरच्या नाक्यावर गाडी तिष्ठत असतां इंजिन चालू ठेवल्यास तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जातें. तेथें कोणतीही ठिणगी कामास येत नाहीं, इंजिन बंद करणें एवढाच उपाय आहे.

काम करतांना बॅटरीची तार सोडून ठेवावी. किल्ली उघडी ठेवून कॉइल तापूं देऊं नये. आणि चालू इंजिनाच्या प्लगच्या तारेला हात लावूं नये. जुन्या कॉइलचा धक्का झिणझिण्या आणतो. नव्या जोरदार पद्धतीचा धक्का जिवावर बेतूं शकतो. ठिणगीची पद्धत बदलल्यानें नोंदणीपुस्तकांत फरक पडत नाहीं. परंतु पेट्रोलची गाडी गॅसवर नेल्यास तशी नोंद परिवहन कार्यालयांत करून घेणें भाग आहे. धुराचा दाखला तर प्रत्येकानें वेळच्या वेळीं घ्यावाच. न जळलेलें पेट्रोल त्या तपासणींत लगेच दिसतें, म्हणून आपल्या ठिणगीची ती एक स्वस्त परीक्षाच आहे.

फवारणीचे व पाण्याचे लहान पेट्रोल पंप ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही पहिली पायरी लागू आहे. त्यांत बॅटरी नसून चाकावरील चुंबकच वीज उत्पन्न करतो. तेथें फेरफार करण्यासारखें फारसें नाहीं. हंगामाच्या आरंभीं प्लग साफ करून फट मापावी, एवढ्यानें दोरी ओढण्याचे श्रम व तेल दोन्ही वांचतात.

सारांश, विकत घेण्यापूर्वी दुरुस्त करावें, दुरुस्त केल्यावर मापावें, आणि मापल्यावर जरूर वाटल्यास पॉइंटच्या जागीं संवेदक बसवावा. ज्या सभासदांनीं वर सांगितल्याप्रमाणें आपल्या गाडीचा आधींचा व नंतरचा हिशेब लिहून ठेविला असेल, त्यांनीं तो आमच्याकडे अवश्य पाठवावा. लाभ झाला असल्यास कळवावेंच, पण न झाला असल्यास अगत्यानें कळवावें. कारण दुसऱ्याचे पैसे त्यानेंच अधिक वांचतात.